बंपर वाचवा, फूटपाथही वाचेल

पालकहो, शाळा सुटताना फाटकाबाहेर दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक घंटेचा आणि दुसरा फूटपाथच्या कडेला मोटारीचा बंपर घासल्याचा. पहिल्याने मुले खूश होतात, दुसऱ्याने गॅरेजवाले!

आपण म्हणतो, "काय करणार, गाडीच खाली आहे." जरा हिशेब पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथ रस्त्यापासून १५० मि.मी. पेक्षा उंच नसावा. साध्या मोटारीचे पोट जमिनीपासून साधारण १६० ते १८० मि.मी. वर असते. म्हणजे मधे बोटभर जागा. त्यात माणसे भरली, टायरमधली हवा कमी झाली, की तीही उरत नाही. जोरात येऊन ब्रेक मारला तर मोटारीचे नाक आणखी खाली झुकते. शिवाय जुन्या रस्त्यांवर फूटपाथ सगळीकडे ठरल्या उंचीचे असतात असेही नाही.

खरे नुकसान पुष्कळदा निघताना होते. बंपरची खालची पट्टी कडेवरून अलगद पुढे सरकते आणि मागे घेताना तिथेच अडकते. पुढे जाताना बंपर खरचटतो, मागे येताना उपटतो.

उपाय सोपा आहे. टायर कडेला टेकेपर्यंत पुढे जाऊच नये. एकदा कोणाला तरी बाहेर उभे करून, बंपर कडेपासून वीतभर दूर असताना आपल्याला सीटवरून काय दिसते, ती खूण लक्षात ठेवावी. दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या गर्दीच्या रस्त्यांवर मोटार कडेला समांतरच लावावी. पावसाचे पाणी साचले असेल तर कड दिसतच नाही, तेव्हा आणखी अंतर ठेवावे.

"आमची गाडी उंच आहे, आम्हाला काय!" असे म्हणणाऱ्यांसाठीच खरे तर हा लेख आहे. टायर कडेला टेकला की मोटारीचे सुमारे दीड फूट नाक फूटपाथवर येते. सहा फुटी फूटपाथचा पाव हिस्सा गेला! बुटक्या मोटारीला निदान आवाज येतो, उंच मोटारीला तोही येत नाही. काही जण तर सबंध गाडीच वर चढवतात. मग दप्तर पाठीवर घेतलेले मूल आणि त्याला न्यायला आलेली आजी रस्त्यावर उतरतात, रिक्षा-स्कूटरच्या गर्दीत. फूटपाथवर वाहन उभे करण्यास २०१७ च्या वाहनचालन नियमांनी मनाई केली आहे, पण नियम नसता तरी हे शोभले नसते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांना शाळेत आणण्याचे काम त्यांनी केले. शाळेपर्यंतची वाट मोकळी ठेवण्याचे काम आपले आहे. जागा नसेल तर मोटार थोडी लांब लावावी आणि मुलाचा हात धरून चालत यावे. बंपरही शाबूत राहील आणि दिवसभराच्या गप्पाही होतील.