बैलाची धाप दिसते, आपली दिसत नाही

औताचा बैल धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला, की आपला शेतकरी जू उतरवतो, बैलाला सावलीत बांधतो, पाणी दाखवतो. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या छातीत धडधडू लागले तर तो काय करतो? घाम पुसतो आणि "एवढी पात संपवू" म्हणून पुन्हा वाकतो. बैलाला दाखवलेली दया आपण स्वतःला दाखवत नाही, आणि आपल्या शेतात राबणाऱ्या मजुरालाही पुष्कळदा दाखवत नाही. याविषयी आज आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत.

29 ऑक्टोबर 2021 रोजी कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार हे अवघ्या 46 व्या वर्षी गेले. व्यायाम केल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर गावोगावी दोन प्रकारची बोलणी सुरू झाली. कोणी म्हणाले, व्यायामच वाईट. कोणी म्हणाले, हे शहरी लोकांचे दुखणे, आपण शेतात राबणारे, आपल्याला काय होणार! आमच्या मते दोन्ही बोलणी चुकीची आहेत. श्रमाने हृदय बळकट होते हे खरे. पण किती श्रम, किती वेळ आणि कशा उन्हात, याला मोजमाप आहे, आणि ते शेतकऱ्यालाही लागू आहे.

हे मोजमाप आपल्या मनगटावरच आहे. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या खोबणीत, तर्जनी आणि मधले बोट हलके ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याचीही स्वतःची नाडी असते. घड्याळ पाहून 30 सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 च्या दरम्यान असते. कष्टाची सवय असलेल्याची त्याहून थोडी कमीही असू शकते. आपला सकाळचा आकडा प्रत्येकाने ओळखून ठेवावा.

जोराच्या व्यायामासाठी डॉक्टर एक ढोबळ हिशोब सांगतात. 220 मधून आपले वय वजा करावे, म्हणजे हृदयाच्या वेगाची कमाल मर्यादा मिळते. जोराच्या व्यायामात नाडी या मर्यादेच्या 70 ते 85 टक्के असावी. म्हणजे विशीतल्या तरुणाला 140 ते 170, चाळिशीच्या माणसाला 126 ते 153 आणि साठीच्या माणसाला 112 ते 136. मात्र ही दगडावरची रेघ नव्हे. हा हिशोब 1971 च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला, आणि एखाद्याच्या बाबतीत तो दहा-बारा ठोके इकडेतिकडे होऊ शकतो. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी घेणाऱ्याची नाडी गोळीमुळेच कमी राहते. त्याने या आकड्यांवर विसंबू नये, डॉक्टरांना विचारावे.

घड्याळ नसेल तर आणखी एक सोपी खूण आहे. काम करता करता प्रभूची प्रार्थना म्हणून पाहा. न अडखळता पूर्ण म्हणता आली, तर श्रम मध्यम आहेत. दर तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर श्रम जोराचे आहेत. दोन शब्दही निघेनात, तर थांबा.

आता मुख्य मुद्दा. वरचे आकडे अर्ध्या-पाऊण तासाच्या व्यायामासाठी आहेत, दिवसभराच्या कामासाठी नाहीत. सोयाबीन काढणारी बाई किंवा उसाच्या मोळ्या ट्रॅक्टरवर चढवणारा गडी आठ-आठ तास राबतो. शिवाय उन्हात हृदयाला दुहेरी काम पडते. स्नायूंना रक्त पुरवायचे आणि अंग थंड ठेवण्यासाठी कातडीकडेही रक्त धाडायचे. अंगातले पाणी घामावाटे गेले की तेच काम आणखी जड होते. म्हणून जे ओझे पौषात सहज उचलले जाते, त्यानेच वैशाखात नाडी धावू लागते. अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या माताभगिनींचे हृदय तर साध्या कामातही जास्त पळते.

उष्णतेत राबणाऱ्या मजुरांसाठी अमेरिकेत एक नियम सांगितला जातो. तो आमच्या मते प्रत्येक बांधावर पाळण्याजोगा आहे. विसाव्याला बसताच नाडी मोजावी. ती 110 च्या वर असेल, तर कामाची पुढची पाळी एक तृतीयांशाने कमी करावी, विसावा मात्र तेवढाच ठेवावा. म्हणजे पाऊण तास काम केले असेल, तर पुढे अर्धाच तास करावे. पुन्हा 110 च्या वर गेली, तर आणखी कमी करावे. यासाठी ना दवाखाना लागतो, ना पैसा.

पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या मुलांनाही आमचे सांगणे आहे. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. ती घरची कर्ती, उमेदीची मुले होती. तेव्हा तयारी काही महिने आधी सुरू करा, अंतर हळूहळू वाढवा, ताप असताना किंवा उपाशीपोटी धावू नका.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले, तर नाडीचा आकडा पाहत बसू नका. हिशोबात बसणाऱ्या नाडीमागेही रोग दडलेला असू शकतो. काम सोडा, 108 ला फोन करा. पुनीत राजकुमार यांच्या नावाने आपल्या राज्य सरकारने हृदयज्योती योजना सुरू केली आहे. तिच्यात तालुका रुग्णालयांतून ईसीजी काढून रक्ताची गाठ विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत देण्याची तरतूद आहे. आपल्या जवळ ही सोय कोठे आहे, हे आजच विचारून ठेवा. हृदयरोगाचे जयदेव रुग्णालय कलबुर्गीतही आहे.

शेवटी, ज्यांच्या शेतात इतर लोक राबतात त्यांना एक विनंती. गुत्त्याने दिलेल्या कामात मजूर स्वतः थांबत नाही, कारण थांबला तर पैसे बुडतात. त्याला थांबवण्याची जबाबदारी आपली आहे. सावली, पाण्याची घागर आणि दुपारचा विसावा मजुरीतून कापू नका. शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने दासाची आणि परक्याची आठवण ठेवली, बैलाची आणि गाढवाचीही ठेवली. थकलेल्या शिष्यांना प्रभू येशूनेच एकांती नेऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. मग दमून बसलेल्या माणसाला आळशी म्हणणारे आपण कोण?

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरातील सर्वांनी एकमेकांची नाडी मोजून पाहावी. घरच्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करावी. आणि सोमवारी शेतात जाताना भाकरीच्या फडक्याबरोबर एक घड्याळही न्यावे.