गोळी बंद करण्याआधी

"डॉक्टर, सहा महिने झाले. आता गोळी बंद ना?" पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेला जवळजवळ प्रत्येक पेशंट हे विचारतो. मी आधी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजते, मग जुनी फाईल उघडते. रक्त पातळ करणारी ही गोळी सगळ्यांना सरसकट सहा महिने लिहून देणं मला पटत नाही. गुठळी ऑपरेशननंतर झाली असेल, तर गोळी थांबवल्यावर ती वर्षभरात परतण्याची शक्यता जेमतेम 1 टक्का. काहीच निमित्त नसताना झाली असेल, तर पहिल्याच वर्षी सुमारे 10 टक्के आणि 10 वर्षांत 36च्या आसपास; पुरुषांत आणखी जास्त. गोळी थांबवल्यावर महिनाभराने केलेली डी-डायमर ही रक्तचाचणी या शक्यतेचा थोडाफार अंदाज देते. रक्तस्रावाचा धोका तोलावा लागतो, तो वेगळाच. तेव्हा केमिस्टच्या सल्ल्याने परस्पर गोळी सोडू नका. पायाच्या डॉपलर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन या, मग ठरवू.