ठाणं कोणासाठी उभं राहिलं?



मानोरा तालुक्यात वनहक्काच्या बैठका घेताना आम्हाला गावोगाव एकच गोष्ट ऐकू येते. "दावा भरू, मोर्च्यात येऊ, पण ठाण्याचं नाव काढू नका." वनखात्याचा माणूस बापजाद्याच्या वावराला अतिक्रमण म्हणतो, सोबत पोलीस दिसला की आपला माणूस नांगर सोडून घरी बसतो. आम्ही म्हणतो, ही भीती भित्रेपणाची नाही. तिला इतिहास आहे.

इंग्रजांच्या आधी पाटील अन् जागल्या गावाचा बंदोबस्त पाहत. तेव्हाही गरिबावर अन्याय होई, पण राखण करणारा माणूस गावातलाच असे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८५७ च्या उठावानं इंग्रज हादरला. १८६० साली त्यानं पोलीस कमिशन बसवलं अन् १८६१ साली पोलीस कायदा केला. स्वतःच्या लंडनमध्ये त्यानं १८२९ सालीच बिनबंदुकीचे पोलीस नेमले होते. आपल्यासाठी मात्र नमुना घेतला आयर्लंडचा, जिथं तो परक्या मुलखावर हत्यारबंद पोलिसांच्या जोरावर राज्य करत होता. रयतेला दाबात ठेवणं अन् सरकारचा महसूल सांभाळणं, हे या पोलिसाचं पहिलं काम.

पुढचे कायदे बघा. १८६५ साली पहिला जंगल कायदा आला, १८७८ साली दुसरा, त्याहून कडक. सरपण, मोह, चराई हा कालपर्यंतचा हक्क गुन्हा झाला. १८७१ च्या कायद्यानं गुरं कोंडवाड्यात गेली. त्याच साली दुसऱ्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं पारध्यांसारख्या जमातींना ठाण्यात हजेरी लावावी लागली. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय काही रद्द झाली नाही.

कोणी म्हणेल, पोलीसबी आपल्यासारख्याच गरिबाचं पोर आहे. खरं आहे. त्याच्यावर आमचा राग नाही. पण त्याला हुकूम वरून येतो, गावाला त्याला जाब विचारता येत नाही. ही घडण इंग्रजाची आहे, ती बदलली पाहिजे. २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की राज्यात अन् जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण नेमा. ते कागदावर नको, आदिवासी माणसाला एसटीनं पोचता येईल इतकं जवळ पाहिजे.

त्याच २००६ साली वनहक्क कायदाही झाला. त्याचं कलम ४(५) पाठ करा. दाव्याची तपासणी अन् मान्यता पुरी होईपर्यंत वनहक्कधारकाला कब्जातल्या जमिनीवरून काढता येत नाही. म्हणजे त्याआधी वावर मोडायला आलेल्यांच्या सोबत पोलीस उभा राहत असेल, तर कायदा कोण मोडते हे त्याला तोंडावर विचारा. घटनेचं कलम २२ सांगते, अटकेचं कारण सांगावं लागते अन् २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागते. आदिवासीची जमीन बळजबरीनं बळकावणं हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार नोंदवा अन् तिची नक्कल फुकट मागा.

ठाण्यात एकटं जाऊ नका. दाव्याची पोच अन् ग्रामसभेचा ठराव सोबत घ्या, चार बाया-माणसं घेऊन जा. ज्या ठाण्यात आपल्याला हजेरीसाठी बोलावलं जाई, तिथं आता आपण तक्रारदार म्हणून जायचं.

आपल्या गावात आपलं राज!
जोहार! जिंदाबाद!