मीटरवर आकडा कमी, म्हणजे बॅटरी गेली का?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतील एक मावशी पाठीवरचा फवारणी पंप घेऊन माझ्याकडे आल्या. तूर फुलोऱ्यात, शेंगा पोखरणाऱ्या अळीची अंडी दिसू लागलेली, आणि पंप बंद!

"साहेब, बाजारातल्या मेस्तरीनं मीटर लावलं तर काहीच येईना. म्हणतो, बॅटरी मेली. नवी घ्या, न्हाईतर आतली पट्टी काढून डायरेक्ट करून देतो. काय करू?"

मी म्हटले, "मावशी, यातले काहीच करू नका. आधी बसा, चहा घ्या."

कारण या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो होतो. एका शेतकऱ्याच्या पंपाच्या बॅटरीवर ११.१ व्होल्ट दिसले आणि मी बेधडक सांगितले की बॅटरी गेली. त्याने नवी आणली. पुढे त्याच्या मुलाने जुनीच चार्ज करून लावली, तर ती छान चालली. बिचाऱ्याचा खर्च फुकट गेला आणि दोष माझा होता.

चूक कुठे झाली? आपल्याला सवय शिशाच्या जड बॅटरीची. ती भरून थोडी विसावली की १२.७ च्या आसपास दाखवते आणि ११ वर आली म्हणजे संपली. आता पुष्कळ पंपांत हलकी लिथियमची बॅटरी येते. तिचा हिशेब निराळा. लेबलवर ११.१ लिहिले असेल तर आत एकापुढे एक जोडलेले तीन सेल असतात. पूर्ण भरल्यावर १२.६ आणि रिकामी होता होता ९ च्या आसपास. म्हणजे ११.१ हा तिचा मधला आकडा! १२.८ लिहिले असेल तर चार सेल असतात आणि जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. ती भरून विसावली की १३.३ च्या आसपास राहते, १२ वर आली की जवळजवळ रिकामी. म्हणून आधी लेबल वाचावे, मग मीटर लावावे.

मावशींच्या बॅटरीवर मात्र आकडाच येत नव्हता. विचारता विचारता कळले, सोयाबीनची फवारणी झाल्यावर पंप माळ्यावर ठेवला होता आणि बटण चालूच राहिले होते. लिथियमला अगदी तळापर्यंत उपसलेले सोसत नाही. म्हणून बॅटरीत एक राखणदार पट्टी बसवलेली असते. सेल ठरावीक मर्यादेखाली गेले की ती वाट बंद करते, आणि बाहेर मीटरवर शून्याच्या आसपास दिसते. गोठ्याला कुलूप लागले म्हणून आत जनावर नाही, असे होत नाही.

मग आम्ही क्रमाने पाहिले :

१) पिनांवर औषधाचे हिरवट किटण होते, ते कोरड्या फडक्याने पुसले.

२) मीटर डी.सी. २० व्होल्टवर आहे ना, आणि मीटरच्या स्वतःच्या बॅटरीत दम आहे ना, हे पाहिले.

३) चार्जरच्या पिनेवर मीटर लावले. १२.६ आले, म्हणजे चार्जर ठीक.

४) पंपासोबत मिळालेलाच चार्जर लावून, ओट्यावर, डोळ्यांसमोर बॅटरी ठेवली. अर्ध्या तासात आकडा येऊ लागला व चढत गेला. संध्याकाळी भरली.

५) चार्जर काढून तासभर थांबलो, कारण लगेच मोजले तर आकडा फसवा येतो. मग साध्या पाण्यावर पंप चालवून पाहिला. व्होल्टेज थोडे उतरणारच. पण एकदम कोसळले तर सेल थकला किंवा जोड सैल झाला असे समजावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी तुरीवर फवारणी केली. बॅटरी पूर्वीपेक्षा एक टाकी कमी चालते. उपासमारीची ती किंमत. पण हंगाम निभावेल.

आता इशारा. राखणदार पट्टी काढून "डायरेक्ट" कधीही करून घेऊ नये. मग बॅटरी जास्त भरली किंवा बाहेरून शॉर्ट झाली तर अडवणारे कोणी उरत नाही, आणि लिथियमची आग झटकन विझत नाही. एखादा सेल २ व्होल्टच्याही खाली जाऊन महिनोन्‌महिने पडला असेल तर त्याला चार्ज करू नये. आतले तांबे विरघळते आणि पुढे तेच शॉर्ट घडवते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नये. रात्री कडब्याजवळ, पोत्यांजवळ किंवा मुले निजतात त्या खोलीत चार्जिंग नको. बॅटरी फुगली, तापली किंवा वास आला तर मोह सोडावा. ती उकिरड्यावर टाकू नये, फोडूही नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून दुकानदाराकडे चौकशी करावी.

माय-बहिणींनो, हंगाम संपला की पंप धुऊन, बटण बंद करून, बॅटरी साधारण निम्मी भरून सावलीत ठेवा. दर दोन महिन्यांनी एकदा आकडा पाहा. जनावर भाकड असले तरी त्याला वैरण घालतोच ना आपण?

कळावे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी