इंडोनेशियाहून येणारा पुठ्ठा व किमान आयात किंमत : सदर, जबलपूर येथील मुद्रक व डबेकारांचे निवेदन

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली.

विषय : बहुस्तरीय पुठ्ठ्यावरील किमान आयात किमतीची मुदत ३१ मार्च २०२६ नंतर न वाढविण्याबाबत व तदनुषंगिक मागण्या.

महोदय,

जबलपूर छावणीच्या हद्दीत, सदर बाजारात, छपाईचा आणि पुठ्ठ्याचे डबे करण्याचा व्यवसाय करणारे आम्ही मराठी व्यावसायिक हे निवेदन आपल्या सेवेशी सादर करीत आहोत. याची हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

परकीय व्यापार महासंचालनालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेन्वये कोऱ्या लगद्याचा बहुस्तरीय पुठ्ठा दर टनास ६७,२२० रुपयांहून कमी किमतीने आयात करण्यास मनाई झाली. ही तजवीज ज्या कारणास्तव झाली, ते कारण आम्हांस अमान्य नाही. आसियान राष्ट्रांशी १३ ऑगस्ट २००९ रोजी झालेल्या करारान्वये तेथील कागदावरची जकात उतरत उतरत २०१४ पासून शून्यावर आली. सुमात्रा बेटावर विस्तीर्ण लागवडीतून निघणारे लगद्याचे लाकूड तेथील गिरण्यांच्या हाताशी असते, आणि आपल्या गिरण्यांना मात्र, १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सरकारी जंगलांऐवजी शेतकऱ्यांच्या बांधाकडे वळविल्यामुळे (आणि ते धोरण आम्हांस सर्वस्वी योग्य वाटते), लाकूड महाग पडते. अमलाईची कागदगिरणी आमच्याच पूर्व मध्यप्रदेशातील असल्यामुळे गिरण्यांचे हे दुखणे आम्हांस परके नाही.

आमची हरकत उपायाच्या स्वरूपास आहे. समजा, इंडोनेशियातील विक्रेता एखादा माल आपल्या बंदरात टनास ६०,००० रुपयांना देण्यास राजी आहे. त्यावर शासनाने शुल्क बसविले, तर वरची रक्कम सरकारी खजिन्यात जमा होते. परंतु किमान किंमत ठरविल्यास तोच विक्रेता तोच माल ६७,२२० रुपयांना विकतो, आणि मधले ७,२२० रुपये, जे अखेरीस आमच्यासारख्यांच्या गल्ल्यातून निघतात, ते ज्याच्या स्वस्त विक्रीविरुद्ध हा बंदोबस्त केला त्याच्याच पदरात पडतात. देशी गिरणीस आडोसा मिळावा, परंतु त्याचे मोल परदेशी गिरणीस पोचावे, ही व्यवस्था आम्हांस कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही.

या किमतीचा भार कोठे येऊन पडतो हे एका डब्यावरून दाखवितो. जबलपूरची खव्याची जिलबी काळीसावळी, जड आणि पाकाने निथळणारी असते. रद्दीच्या लगद्याच्या पुठ्ठ्यात ती भरली तर घटकाभरात बुडाला तुपाचा डाग उमटतो आणि घडीच्या रेषेवर पुठ्ठा फुटतो, म्हणून तिच्यासाठी कोऱ्या लगद्याचाच पुठ्ठा घ्यावा लागतो. ३०० जीएसएमचा, २२ इंच बाय २८ इंचांचा एक ताव सुमारे ११९ ग्रॅम भरतो. म्हणजे नुसत्या किमान किमतीनेच तो आठ रुपयांना पडतो, आणि न्हावा शेवाहून नागपूर, सिवनी या मार्गाने येथवर येण्याचे भाडे, कर, छपाई, डाय-कटिंग व कातरणीत जाणारा माल हे सर्व त्यावर चढते. मिठाईवाला मात्र डब्याचा भाव सणाच्या आधीच बांधून घेतो.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून डब्यावर ५ टक्के व पुठ्ठ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. भरलेला अधिक कर परत मागता येतो हे खरे. पण परतावा हाती येईपर्यंत भांडवल अडकून पडते, आणि कंपोझिशन योजनेतील लहान कारखानदारास तर वजावट मुळीच नाही. करांचे हे खाते आपले नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि आपल्या शिफारशीस करपरिषदेत वजन आहे.

सबब आमची प्रार्थना अशी की, किमान किमतीची मुदत संपताच ती पुढे ढकलू नये. व्यापार उपाय महासंचालनालयाच्या चौकशीत इंडोनेशियाच्या मालाने देशी गिरण्यांचे नुकसान झाल्याचे सिद्ध होईल, तेथे त्या नुकसानाइतकेच शुल्क त्या मालावर बसवावे. या चौकशीत वापरणाऱ्या उद्योगांस आपले म्हणणे मांडण्याचा हक्क १९९५ च्या नियमांनी दिला आहे, पण इंग्रजीतील लांबलचक प्रश्नावली भरून देणे चार कामगारांच्या कारखान्यास झेपत नाही; ती हिंदी व मराठीत मिळावी, उत्तरेही त्या भाषांत स्वीकारावीत आणि एक सुनावणी जबलपुरात घ्यावी. पुठ्ठा व डबा यांवरील करातील तफावत दूर करण्याची शिफारस व्हावी. शुल्काचे जे उत्पन्न होईल, त्याचा एक भाग मंडला, डिंडोरी व बालाघाट येथील शेतकऱ्यांच्या बांधावर लगद्याचे लाकूड व बांबू लावण्यास द्यावा. रोपे व सल्ला यांसाठी उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था याच शहरात आहे.

लग्नसराईच्या मालाच्या मागण्या एप्रिलपूर्वी नोंदवाव्या लागतात. यास्तव निर्णय मार्चच्या मध्यापूर्वी कळविण्याची कृपा व्हावी.

आपले नम्र,
सदर बाजार, जबलपूर छावणी येथील मुद्रक व डबेकार
जानेवारी २०२६