फौजदाराचा विटाळ

रहस्यकथेत पात्र नसते, कोडे असते. कोडे सुटले की संहिता संपते आणि समीक्षेला तेथे काही काम उरत नाही. मराठी समीक्षेने हा निवाडा इतक्या वेळा गृहीत धरला आहे की तो कोणी, कोणत्या पुराव्यावर दिला हे विचारण्याचीही गरज कोणाला भासलेली नाही. अभिरुचीचे सोवळे नेसलेल्यांना पोलीस ठाण्याचा विटाळ होतो, एवढेच त्याचे खरे कारण असावे.

कार्लो एमिलिओ गाद्दा यांची १९५७ साली पुस्तकरूपाने आलेली कादंबरी या निवाड्यासमोर ठेवून पाहावी. रोममधील मेरुलाना रस्त्यावरच्या एकाच इमारतीत घडलेली दागिन्यांची लूट आणि एका स्त्रीचा खून हा तिचा विषय. काळ १९२७चा, मुसोलिनीच्या अमलाचा. इटालियन समीक्षा तिला विसाव्या शतकातील महत्त्वाच्या गद्यकृतींत गणते, आणि तिचे कोडे तर धड सुटतही नाही. तपास करणारा इंग्रावाल्लो हा मोलीझेकडून आलेला, रोममध्ये उपराच. गुन्ह्याला एक कारण नसते, अनेक कारणांचा गुंता असतो अशी त्याची धारणा. ही धारणा त्याच्या तोंडी चिकटवलेले तत्त्वज्ञान नव्हे, कारण कादंबरीची भाषाच त्या गुंत्याची बनलेली आहे: रोमची बोली, नेपल्सची बोली, कचेरीतील इटालियन आणि विद्वज्जड शब्द एकमेकांत अडकून येतात. अधिकाऱ्याचा स्वभाव आणि शहराचे ज्ञान या दोन गोष्टी येथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

याच्या उलट टोक डॉना लिऑन या अमेरिकन लेखिकेच्या व्हेनिसमधील कादंबऱ्यांत दिसते. १९९२पासून आलेल्या या इंग्रजी मालिकेतील ब्रुनेत्ती ग्रंथप्रेमी, कुटुंबवत्सल आणि खात्यातील भ्रष्टतेने खिन्न होणारा अधिकारी आहे. त्याला पात्र नाही म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु लेखिकेच्याच इच्छेने या कादंबऱ्या इटालियन भाषेत गेल्या नाहीत. व्हेनिस बोलते, पण आपल्या भाषेत नव्हे. म्हणून ‘मराठीतही असा एक ब्रुनेत्ती हवा’ ही हौशी मागणी फारशी उपयोगाची नाही. फौजदाराला सुस्वभावी पत्नी आणि जेवणाची आवड दिल्याने तो पात्र होत नाही.

मराठी रहस्यकथेचा दोषही झाकण्याचे कारण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे सारे खात्याबाहेरचे. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास बॅरिस्टर. पोलीस या परंपरेत बहुधा उशिरा पोचतो आणि बेड्या घालतो. पण श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेत नोकरी आणि मन यांच्या कात्रीत सापडलेला पोलीस मराठीला मिळाला होताच. तेंडुलकरांच्या पटकथेतून आणि निहलानींच्या दिग्दर्शनातून तो १९८३ साली ‘अर्धसत्य’मधील अनंत वेलणकर झाला. चित्रपटाचा गौरव यथायोग्यच झाला. त्या कथेने मराठी कादंबरीसाठी कोणती वाट मोकळी केली, हे मात्र समीक्षेने विचारले नाही.

न विचारल्याने काय गमावले, ते चऱ्होलीत दिसते. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. इंद्रायणीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यातली. शेजारी आळंदी, थोडे पलीकडे चाकणचे कारखाने. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय झाले, तेव्हा पुणे ग्रामीणकडची आळंदी आणि चाकण ही ठाणी त्याच्याकडे आली. ग्रामीण कादंबरी जमीन विकली जाते तेथे थांबते, नागर कादंबरी सदनिकेच्या दारापासून सुरू होते. या दोहोंमधील सातबारा, फेरफार, कुलमुखत्यारपत्र, भावकीतील हाणामारी आणि कंत्राटी मजुराचा बेवारस मृतदेह एकाच टेबलावर येतात ते पोलीस ठाण्यात.

आणि तेथील भाषा! ‘मयत’, ‘फिर्यादी’, ‘सदर इसम’, ‘मुद्देमाल’ ही पंचनाम्याची फारसीमिश्रित मराठी कोणत्याही प्रायोगिक गद्याइतकी घडवलेली आहे. मराठवाड्यातून बदलून आलेला हवालदार ओडिशाच्या मजुराचे मोडके हिंदी ऐकतो आणि कागदावर अस्खलित सरकारी मराठी उतरवतो. ‘त्यानं मला ढकललं’ म्हणणाऱ्या बाईच्या नावे ‘सदर इसमाने धक्काबुक्की केली’ असे प्रथमपुरुषी निवेदन तयार होते, ते तिला वाचून दाखवले जाते आणि खाली तिचा अंगठा उठतो. निवेदक कोण, या प्रश्नावर परिसंवाद भरवणाऱ्या समीक्षेला हा जबाब अद्याप संहिता वाटलेला नाही.