चाचणी औषधाची, हिशेब माणसांचा

नव्या औषधाची चाचणी रखडते ती अनेकदा पुरेशी माणसे वेळेत न मिळाल्यामुळे. पेटंटची २० वर्षे अर्ज केल्या दिवसापासून मोजली जातात. साहजिकच भरतीतील प्रत्येक महिन्याच्या विलंबाने कंपनीचा मक्तेदारीचा एक महिना बुडतो. म्हणूनच प्रत्येक सहभागी रुग्णामागे डॉक्टर व रुग्णालयास रक्कम देण्याची पद्धत रूढ झाली.

जानेवारी २००५ मध्ये ‘शेड्यूल वाय’मध्ये दुरुस्ती होऊन परदेशाबरोबरच भारतातही चाचण्या घेण्याची मुभा मिळाली. २००७-०८च्या अर्थसंकल्पाने नव्या औषधांच्या चाचण्यांना सेवाकरातून सूट दिली. मात्र या बाजारपेठेचे खरे भांडवल होते ते उपचाराचा खर्च न झेपणारे रुग्ण.

सोलापूर जिल्ह्यातील केमचे उदाहरण घ्या. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. तेथील एखादा शेतमजूर पुण्यातील चाचणीत सहभागी झाला, तर प्रत्येक फेरीला त्याची किमान एका दिवसाची मजुरी बुडणार. प्रवासखर्च व बुडीत मजुरी देण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात. रक्कम आमिष ठरेल इतकी मोठी नसावी, एवढीच अट आहे. पण ज्याला एरवी उपचारच परवडत नाहीत, त्याला मोफत तपासण्या व औषधे हेच मोठे आमिष नव्हे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३मधील ताशेऱ्यांनंतर नियम कडक झाले. २०१९च्या नियमावलीत चाचणीमुळे मृत्यू ओढवल्यास ८ लाख रुपये हा पाया धरून वय व आजाराची जोखीम यांनुसार भरपाई ठरते. त्यात उत्पन्नाला स्थान नाही, हे योग्यच. म्हणजे मृत्यूचा हिशेब नियमात आला. भरतीचा मात्र अर्धाच आला. डॉक्टरशी झालेल्या आर्थिक कराराचा तपशील औषध नियंत्रकांना कळवावा लागतो. परंतु जे संमतीपत्र रुग्णाचे वार्षिक उत्पन्न विचारते, त्याच्या अनिवार्य बाबींत डॉक्टरला मिळणाऱ्या रकमेचा उल्लेख नाही.

सही करणाऱ्याला समोरच्याचा लाभ ठाऊक नसेल, तर ती संमती अपुरीच म्हणावी लागेल. ही रक्कम संमतीपत्रात नोंदवणे आणि बुडीत मजुरी हा रुग्णाचा हक्क मानणे, या दोन सुधारणांना फारसा खर्च नाही. चाचण्या थांबवणे कोणाच्याच हिताचे नाही. नवी औषधे हवीतच. पण त्यांची किंमत गरिबाच्या नाइलाजातून वसूल होता कामा नये.